उखळ न्यायचं की नाही

गोदाकाकूंचं नाव आधी लिहिते, मग प्रवासाचं. त्या नसत्या तर मी परभणीत राहिले नसते, माझ्या हातात कॅमेरा आला नसता, आणि तो थीम पार्कला न्यायचा की नाही यावरून घरात जे रामायण झालं तेही झालं नसतं.

मी राजापूरच्या खालची, खाडीकाठची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे आणि घरात धाकटी भावंडं. मावसबहीण परभणीत नर्स होती, तिच्या सोबतीला म्हणून आले. तिची बदली झाली, ती गेली, मी राहिले. राहिले म्हणजे गोदाकाकूंनी ठेवून घेतलं. त्यांच्या माडीवरच्या खोलीत आम्ही दोघी भाड्याने होतो. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली, आणि मी रडत रडत पेटी भरली. काकू वर आल्या, पेटी उघडली, कपडे परत दोरीवर टाकले आणि म्हणाल्या, “बरी झाल्यावर जा. अशी पिवळी जाशील तर तुझी माय म्हणंल, परभणीकरांनी पोरीला हळद लावूनच धाडली.” बरी झाले, पण जायचं राहूनच गेलं.

तेव्हा मी एका फोटो स्टुडिओत कातरकाम करायचे. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणाच्या घरी कुणी वारलं की माणसं फोटो घेऊन आमच्याकडे येतात. बऱ्याचदा आधार कार्ड असतं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यातलं तेवढं एक तोंड कॉम्प्युटरवर कातरून काढायचं, मोठं करायचं, गडीमाणूस असेल तर खाली कोट जोडायचा, बाई असेल तर जरीची साडी. मागे निळं आभाळ. कोट आणि साड्या आमच्याकडे तयार असतात. एकच काळा कोट अर्ध्या तालुक्याने घातलेला आहे. गोदाकाकूंच्या यजमानांनीसुद्धा तोच घातलाय, मी येण्याच्या कितीतरी आधी. बैठकीत तो फोटो आहे. काकू त्याला हार घालतात आणि घालता घालता म्हणतात, “तोंड ह्यांचं हाय, पण खांदे कुणाचे हायेत देवाला ठाऊक.”

त्याच काकू एकदा तरातरा स्टुडिओत आल्या आणि आमच्या मालकांना म्हणाल्या, “पोरीला मेलेल्यांची तोंडं कातरायला किती दिवस बसवता? जरा जित्या माणसांकडं धाडा की!” मालक हसले, पण पुढच्या डोहाळजेवणाला त्यांनी मलाच धाडलं. बाई फोटो काढायला असली की बायका मोकळेपणी हसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे त्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला देऊन टाकला. जुना म्हणजे जड. खाली बॅटरीचं खोकं, पुढे हातभर लेन्स. गळ्यात घातला की मान आपोआप वाकते. काकूंनी त्याचं नाव ठेवलं उखळ.

आणि ज्या बाईने मला उखळापर्यंत पोचवलं, तिचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. काकू काढूच द्यायच्या नाहीत. त्यांच्या मते साठी उलटलेल्या माणसाने एकट्याचा फोटो काढला की तो भिंतीसाठीच. कुणी मोबाइल जरी वर केला तरी त्या पदर ओढून भिंतीकडे तोंड करायच्या.

इकडे माझी आई दर फोनला विचारायची, “त्या बाईचं तोंड तरी दाखव गो. माझ्या पोरीला जेवू घालते ती दिसते कशी, हे मला ठाऊक नको?” आईचा फोन साधा, बटणांचा. कागदावरचा फोटोच हवा. या वर्षी पाठवीनच, असं मी कबूल करून बसले होते.

परभणी

काकूंचे चिरंजीव प्रशांतदादा शिक्षक आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पुण्याकडच्या एका थीम पार्कला जायचं ठरवलं. ते, वैशालीवहिनी, त्यांची मुलगी चिऊ, काकू आणि मी. मला कुणी विचारलंच नाही. काकूंनी माझं नाव परस्पर घातलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी कॅमेऱ्याची बॅग स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली.

“मंजू, हे धूड कशाला गं?” वहिनी म्हणाल्या. “मोबाइल हाय की प्रत्येकाकडं. पाळण्यात बसणार का ह्याला मांडीवर घेऊन?”

दादा म्हणाले, “लॉकर असतात तिथं. पण सारखं त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं? पाणी लागलं तर? कुणी नेला तर?”

यातलं प्रत्येक भय माझ्या मनात आधीच येऊन गेलेलं होतं. मी मुळातच भित्री. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत फिरणारी. पाणी, चोर, धूळ, उन्हाने तापलेली गाडी, सगळ्याचा विचार करून झाला होता. तरी मी म्हटलं, “न्यायचाय.”

दादांनी मग आवाज खाली आणला. “न्यायचाच असला तर एक काम कर. आईचा एक चांगला फोटो काढून ठेव. एकटीचा, समोरून. पुढं-मागं लागतोच.”

काकू पाठमोऱ्या बसून धपाट्यांचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

“कशाला लागतो रे?”

दादा बॅगेचा पट्टा सरळ करायला लागले.

“बोल की मास्तर. कशाला लागतो? मला भिंतीवर टांगायची लय घाई झाली का तुला? खिळा ठोकून ठिवलास का?”

“आई, तसं न्हाई...”

“मग कसं? मंजे, तू पण आईक. ते उखळ गाडीत चढलं तर मी उतरले म्हणून समज. मी मजा बघायला जायलेय, माझी तयारी करायला न्हाई.”

मी बॅग उचलून माडीवर गेले. सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे उखळ घरी ठेवणं. सगळे खूश. पण मग मी आईला काय पाठवू? आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता, दादांचा. माझा फोटो आणि त्यांचा फोटो एक नव्हता. त्यांना खिळ्यासाठी हवा होता. मला माझ्या आईसमोर धरायला हवा होता. दोघांनाही एकाच बॅगेत घालून काकूंनी बाहेर काढलं, हे मला पटेना.

तशीच खाली आले.

“काकू, उखळ येणार.”

काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही.

“तुम्ही म्हणाल तरच तुमच्यावर धरीन. नाही म्हणालात तर तुमच्यापुढे झाकण उघडणार नाही. पण येणार. जित्या माणसांकडं धाडा, असं तुम्हीच म्हणाला होतात ना मालकांना? मग जिती माणसं एवढी गाडी भरून निघाल्यावर मी हात हलवत जाऊ का?”

एवढं एका दमात काकूंशी मी कधीच बोलले नव्हते. वहिनींच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. काकूंनी एक धपाटं थापलं, त्याला भोकं पाडली, तव्यावर टाकलं.

“झाकण उघडलंस तर बघ,” त्या म्हणाल्या.

याला परभणीत होकार म्हणतात.

पोखर्णी, मग पाथरी

काकूंचं माहेर पोखर्णीचं. नरसिंहाला सांगितल्याशिवाय त्या लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. पुणं एका दिशेला आणि पोखर्णी दुसऱ्याच. आमचे गाडीवाले सलीमभाई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “अम्मा, पूना उधर है, आप इधर लेके चल रै.”

“पुणं काय पळून जायलंय का?” काकू म्हणाल्या. “चल तू.”

सलीमभाईंचं लक्ष माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे गेलं. “और बाजी, ये तोप किसपे चलानी है?”

“माझ्यावर,” काकूंनी उत्तर दिलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

देवळात काकू वेगळ्याच होतात. मला त्या नेहमी मोठ्या वाटतात, पण तिथे त्यांना “गोदे” म्हणणारी माणसं भेटतात. देवळाबाहेर फुलं विकणारी एक म्हातारी त्यांच्या लहानपणची मैत्रीण निघाली. दोघी एकमेकींच्या हनुवटीला धरून काहीतरी बोलल्या आणि अशा हसल्या की काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. सकाळचं ऊन तिरपं होतं, टोपलीतला झेंडू खालून चेहऱ्यावर उजळत होता. माझा हात बॅगेच्या चेनवर गेला. काकूंनी लांबून, हसता हसताच, डोळे मोठे केले. मी हात मागे घेतला. शब्द दिला होता. मनात मात्र म्हटलं, हा गेला. असा परत मिळायचा नाही.

मग गाडी वळवून परभणी, मानवत, पाथरी. पाथरीला चहा घेतला. मे महिन्यात इकडची रानं नांगरून पडलेली असतात. काळी ढेकळं, कडेला कापसाच्या वाळलेल्या काड्यांचे, पळ्हाट्यांचे ढीग, आणि वर पांढरं पडलेलं आभाळ. आमच्या गावी कुठेही बघा, डोंगर आडवा येतो आणि नजर तिथे टेकते. इथे नजरेला टेकायला काही नाही. आधी मला याची भीती वाटायची, कुणीतरी घराची भिंत काढून घेतल्यासारखी. आता गावी गेले की डोंगरच अंगावर येतात. यातलं कुठलं खरं घर, हे मी आता कुणाला विचारत नाही.

दुपारी एका बाभळीखाली गाडी थांबवून काकूंनी सुशीला वाढला. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन करतात तो. परभणीत आल्यावर पहिल्यांदा “आज सुशीला आहे” ऐकलं तेव्हा मी पाहुण्या बाईसाठी ताट मांडलं होतं. ती गोष्ट काकूंनी सलीमभाईंना पुन्हा एकदा रंगवून सांगितली. सलीमभाईंना घास लागला. मला आता त्याचा राग येत नाही. ज्या घरात आपली फजिती वर्षानुवर्षं पुरवून खातात, ते आपलंच म्हणायचं.

धपाटी मात्र काढली नाहीत. “ती उद्याला,” काकू म्हणाल्या. रात्री पुण्याच्या अलीकडे एका लॉजवर उतरलो.

फाटकापाशी

थीम पार्कचं फाटक म्हणजे सिमेंटचा किल्ला. वर सिमेंटचाच एक राक्षस जबडा वासून बसलेला, माणसं त्याच्या पायाखालून आत जातात. चिऊ उड्या मारत होती. मी बॅग छातीशी धरली. आता हे अडवणार. एवढा मोठा कॅमेरा, परवानगी आहे का विचारणार. काय बोलायचं ते मी मनात पाठ करत होते: घरगुती फोटो, साहेब, विकायचे नाहीत.

रखवालदाराने बॅग टेबलावर ठेवली. चेन उघडली. कॅमेरा बघितला, लेन्स बघितली, मान हलवली. “चालेल. पाळण्यात न्यायचा नाही, लॉकरला ठेवा.” माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने बाजूचा कप्पा उघडला.

“मॅडम, ही कसली लेन्स?”

कप्प्यात, माझ्या छोट्या लेन्सच्या जागी, फडक्यात गुंडाळलेली धपाट्यांची चळत होती. शेजारी शेंगदाण्याच्या चटणीची डबी. छोटी लेन्स एका पायमोज्यात घालून खाली सरकवलेली.

मी काकूंकडे बघितलं. काकू राक्षसाकडे बघत होत्या.

“बाहेरचं खायचं आत चालत नाही,” रखवालदार म्हणाला.

“खायचं कुठं हाय ते?” काकू पुढे आल्या. “औषध हाय. मला दर दोन तासाला लागतं.”

“आजी, तिळाचा वास येतोय.”

“तिळाचंच औषध हाय.”

तो बिचारा हसला, पण सोडलं नाही. ज्या उखळावरून एवढं भांडण झालं ते बिनबोभाट आत गेलं, आणि धपाटी अडकली. आम्ही सगळे परत गाडीपाशी आलो आणि उन्हात, बॉनेटवर फडकं पसरून, उभ्याउभ्याच धपाटी संपवली. सलीमभाईंनी शेजारच्या दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांना बोलावलं. काकूंनी त्यांनाही वाढलं, आणि जाताना तो रखवालदार तिकडून चालला होता त्याच्याही हातावर एक ठेवलं. त्याने इकडे तिकडे बघून खाल्लं.

“काकू, माझ्या बॅगेत का?” मी विचारलं.

“लेकराची कुणी झडती घेत न्हाई म्हणून त्याच्या दुपट्यात ठिवतेत, तसं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं तुझ्या उखळाला बघून घाबरतील, बाकीचं बघायचे न्हाईत.”

मोठ्या लेन्सच्या काचेवर धपाट्याच्या तेलाचं बोट उठलं होतं. मी ओढणीने पुसलं तर ते आणखी पसरलं.

पाण्यात

दुपारपर्यंत मी एकाही पाळण्यात बसले नाही. सगळे बसायचे आणि मी खाली उन्हात उखळ घेऊन उभी. चिऊचे फोटो काढले, दादा-वहिनींचे काढले. चांगले आले. मोबाइलवाली माणसं हात उंच करून धडपडत होती आणि मला लांबून चिऊच्या पडलेल्या दाताची फट दिसत होती. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. तुम्ही जाणार असाल आणि घरात मोठा कॅमेरा धूळ खात असेल तर न्या. खांदा दुखेल, लोक हसतील, न्या.

पण काकू जिथे जात तिथे मी कॅमेरा पाठीवर फिरवत होते. लाटांच्या तलावापाशी त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं पाणी नुसतं हलवायला ठिवलंय?” माझ्या गावचा समुद्र त्यांना मी कितीदा सांगितला होता. “तुझ्या घरी असंच असतं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “असंच, पण बंद करता येत नाही.”

त्यानंतर एका पाळण्याची रांग होती. लांबट होडी पाण्याच्या पन्हाळीतून वर चढत जाते आणि मग टोकावरून खाली पडते. चिऊला आजीच हवी होती. काकूंनी पदर खोचला, रांगेत उभ्या राहिल्या आणि वळून माझ्यावर ओरडल्या.

“तू?”

“तुम्ही बसा काकू. मी इथून बघते.”

“सकाळपासून बघायलीस. तू आमच्यासंगं आलीस का ह्या उखळासंगं? ठिव ते आणि ये. न्हाई आलीस तर मी पण न्हाई बसत, आणि मग ही लेक रडंल, आणि मग तूच समजाव.”

परवा म्हणत होत्या की उखळ आलं तर त्या येणार नाहीत. आज म्हणत होत्या की मी आले नाही तर त्या बसणार नाहीत. मी उखळ लॉकरला टाकलं. किल्लीचा पट्टा मनगटात अडकवला, तो ओढून बघितला, दार ओढून बघितलं, निघाले, परत जाऊन पुन्हा ओढून बघितलं, आणि रांगेत शिरले.

होडीत पुढे दादा-वहिनी, मध्ये चिऊ, मागे मी आणि काकू. होडी चढायला लागली तसा काकूंनी माझा दंड धरला. त्यांच्या हाताला अजून तिळाचा वास होता. “मंजे, हे खाली कसं उतरतेत?” त्यांनी विचारलं. मी सांगणार एवढ्यात आम्ही खाली उतरलो.

बाहेर आलो तेव्हा सगळे भिजून चिंब. वाटेत एक खिडकी होती आणि वर पडदे लावलेले. पडद्यावर आत्ताच खाली आलेल्या होड्यांचे फोटो. पडायच्या क्षणी तिथलं यंत्रच काढतं म्हणे, आणि मग हवा असेल त्याने विकत घ्यायचा.

“मला न विचारता?” काकूंचा आवाज चढला. “कुणी सांगितलं ह्यांना?”

खिडकीतली मुलगी म्हणाली, “आजी, मशीन आहे. ते सगळ्यांचेच काढतं.”

“त्याला काय लाज असंल,” काकू म्हणाल्या, पण बघायला पुढे झाल्या. बघत राहिल्या. “हे प्रशा. ही वैशाली, डोळे मिटलेली. ही चिऊ. आणि ही मागं दात काढायलीय ती कोण?”

“तुम्हीच, काकू.”

पदर कुठल्या कुठे उडालेला. पांढरे केस उभे. तोंड एवढं उघडं की पडलेल्या दाढेची जागा दिसत होती. भिंतीकडे तोंड करणाऱ्या गोदाकाकू कुणालाच ओळखू आल्या नसत्या. काकूंनी तोंडाला दस्ती, म्हणजे रुमाल, लावली. मला वाटलं, आता रागावणार. तर त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की कठड्यावर बसावं लागलं. आणि हसता हसता म्हणाल्या, “माझं अर्धं तोंड मात्र तुझ्या वेणीनं खाल्लं की गं.”

खरंच. होडी पडताना माझी वेणी उडून त्यांच्या गालावर आडवी बसली होती.

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “मंजे, ह्यातून मला कातरता येईल का?”

मीही धंद्यातल्या नजरेने बघितलं. “नाही काकू. वेणी काढायला गेलं तर गालच जातो. नाकाची कडा पण.”

“तुझ्या मालकाला जमंल?”

“त्यांनाही नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

काकू उठल्या. ओला पदर पिळला.

“मग आण तुझं उखळ.”

मी पळाले. भलत्याच लॉकरला किल्ली लावत बसले, ते उघडेना, चोरी झाली असं वाटून रडकुंडीला आले, तेव्हा शेजारची बाई म्हणाली की हे आमचं आहे. परत आले तोवर काकूंनी जागा ठरवली होती. सिमेंटच्या राक्षसाचं एक पाऊल तिथे नुसतंच ठेवलेलं आहे, घरातल्या पलंगाएवढं. त्याच्या अंगठ्यावर त्या बसल्या होत्या.

“मी कुठे उभी राहू?” मी झाकण काढत विचारलं.

“उभी कशाला? बस हितं. एकटीचा न्हाई काढायचा. दोघींचा. त्याला कुणी हार घालत न्हाई.”

“मग काढणार कोण?”

काकूंनी वहिनींकडे बघितलं. मी सगळं लावून उखळ वहिनींच्या गळ्यात घातलं.

“अगं बाई! केवढं जड हे! मान गेली माझी. आत्याबाई, मी मोबाइलवरच काढते ना पटकन.”

“न्हाई. उखळानंच.”

दादा हळूच म्हणाले, “आई, आता बसलीच हायेस तर एक एकटीचा पण...”

“मास्तर, गप. तुला पाहिजे तसला मी देणार न्हाई. देईन त्यात भागव.” मग माझ्याकडे वळून, “गाल लाव. आणखी. असा न्हाई, चिकटून. हात माझ्या गळ्यात टाक. वेणी पुढं घे.” त्यांनी स्वतःचा अर्धा पदर ओढून माझ्या डोक्यावरून घेतला आणि हनुवटी माझ्या खांद्यावर रोवली. “आता सांग. कातरायला बसलीस तर कुठून सुरू करशील?”

मी मनातल्या मनात कडेने फिरले. कानापाशी गेले, तिथे माझा कान. गळ्यापाशी, तिथे माझा हात. गालावर माझी वेणी. डोक्यावर एकच पदर, तो दोघींचा. या कामात माझी बोटं बसलेली आहेत, पण वाट सापडेना.

“कुठूनच नाही, काकू.”

“मग दाब म्हण वैशालीला.”

परत

वहिनींनी बरेच दाबले. पुष्कळ हलले, एकात फक्त राक्षसाचं नख आलं. एक मात्र आला. दोघी ओल्या, दोघी दात काढून हसणाऱ्या, आणि एका कोपऱ्यात धपाट्याच्या तेलाचा धुरकट डाग. मालक म्हणाले, डाग काढून टाकू, मिनिटाचं काम. मी म्हटलं, हात लावायचा नाही. मालकांना मी पहिल्यांदाच असं बोलले असेन.

दोन प्रती काढल्या. एक काकूंनी बैठकीत लावली, पण भिंतीवर नाही. टीव्हीशेजारी, उभी. दादांनी बघितली, उलटून पालटून बघितली. “हा कसा वापरायचा?” असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“वापरायचा न्हाई. बघायचा,” काकू म्हणाल्या.

दादा जरा वेळ बघतच बसले. मग त्यांनी स्वतःची दस्ती काढून काच पुसली. तेव्हा माझा त्यांच्यावरचा राग गेला.

दुसरी प्रत आईला पोस्टाने गेली. पोचल्यावर तिचा फोन आला. आधी फोटो कुणाकुणाला दाखवला ते सांगितलं. मग म्हणाली, “तुला कशी धरून बसलीय गो ती. पळून जाशील म्हणून की काय.” मी तिला पेटीची गोष्ट कधी सांगितलेली नव्हती.

काकू, हे छापून आलं तर दादा तुम्हाला वाचून दाखवतील, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. तुम्ही माझे कपडे परत दोरीवर टाकलेत, ते माझ्यावर आहे. ते फेडायला माझ्याकडे आज काही नाही. पण एक दिवस मी तुम्हाला आमच्या खाडीवर नेईन. बंद न होणारं पाणी दाखवीन. पोखर्णीला सांगून निघू, रस्ता उलटा पडला तरी. उखळ येणारच, धपाटी तुम्ही कुठल्या कप्प्यात घालायची ते तुम्ही बघा. तिथे वाळूत तुम्हाला मध्ये बसवीन, एका बाजूला माझी आई, एका बाजूला मी, एकच पदर तिघींच्या डोक्यावर. मग बघू, तुम्हाला आमच्यातून कातरून न्यायची कुणाची टाप आहे.